मागचं उजवं

पसरणी घाटात, तिसऱ्या वळणावर
पिवळा दिवा लागतो, म्हणाल्या जाधवरबाई.
वाईत उतरलं की विझतो.
स्कॅनर म्हणाला : मागचं उजवं चाक, सिग्नल नाही.
सेन्सर बदलला. बावीसशे रुपये.
दिवा तसाच.

मग इलाहीनं गाडी जॅकवर घेतली,
चाक हातानं फिरवत राहिला,
मी आत बसून स्कॅनर बघत ओरडत होतो :
आहे... आहे... आहे...
त्यानं वायर जराशी वाकवली.
नाही.

रबर शाबूत, आत तांबं तुटलेलं.
सरळ रस्त्याला टोकं टेकून राहायची,
वळणावर सुटायची.

डाग देऊन, टेप गुंडाळून
हात पुसत इलाही म्हणाला,
चाक घसरत नव्हतंच, बाई.
त्याचं बोलणं पोचत नव्हतं.

बाईंनी जुना सेन्सर मागून घेतला.
चांगला होता तो.