हातचा एक

वित्त विधेयक, खंड एकोणचाळीस, पोटखंड क.
लिलाँग्वेच्या सभागृहात दुपारचे पावणेचार,
जेवणानंतरची सुस्ती बाकांवर सांडलेली,
आणि मी, कार्यवृत्ताचा लेखनिक:
बोललेलं सगळं लिहायचं,
जांभया सोडून.

उभ्या राहिल्या न्सान्जेच्या सदस्य, फॅलेस चिदोथी.
बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं,
अजून बोलताना उजवा हात
हवेत खडू धरतो.
म्हणाल्या, अध्यक्ष महोदया,
या तक्त्यात सायकलची ट्यूब
गोल्फच्या काठ्यांच्या खालच्याच ओळीत आहे.
क्रीडा व चैनीच्या वस्तू. शेकडा पंचवीस.
आमच्याकडे सायकलवर चैन करतात ती अशी,
की कॅरिअरला उशी बांधून
अडलेली बाई अकरा मैलांवरच्या दवाखान्यात नेतात.
(हशा.)

हशा कंसात लिहायचा असतो.
कोण हसलं ते लिहायचं नसतं.

मग त्यांनी पिशवीतून ट्यूब काढली,
काळी, मऊ, चौदा ठिगळांची,
आणि समोर ठेवली, उत्तरपत्रिका ठेवावी तशी.
सार्जंट आला. सभागृहात वस्तू दाखवता येत नाहीत.
दोन बोटांत धरून घेऊन गेला,
मेलेला साप नेतात तसा.
(व्यत्यय.)
चौदा ठिगळं कंसात मावत नाहीत.

त्या थांबल्या नाहीत. तोंडी हिशेब सुरू:
फेरीला दोनशे क्वाचा. दिवसाला नऊ फेऱ्या.
पाच सायकलच्या मालकाच्या, चार आपल्या.
उरले आठशे, अजून जेवायचंय.
ट्यूब तीन हजारांची, वर कर साडेसातशे.
म्हणजे एक काटा रुतला
की अख्खा दिवस पाय मारायचे ते
फक्त तुमच्यासाठी, मंत्रिमहोदय;
ट्यूबचं उद्यापासून बघू.
तुमची बेरीज मी तपासली. नीटनेटकी आहे.
फक्त हातचा धरायचा राहिलाय.
वर्गात एखादं पोर हातचा विसरलं
तर उत्तर चुकायचं, एवढंच.
इथे हातचा कुणाच्या तरी हातचं काढून घेतो.

कुणीच हसलं नाही.
मी कंस उघडला होता, तो खोडला.

मंत्री उठले. गोड माणूस.
सन्माननीय सदस्यांच्या भावनांचा आदर करून
सव्वीस इंचांपर्यंतच्या ट्यूब करमुक्त.
(बाके वाजवली जातात.)
होकार बहुमताने. चार मिनिटांत
खंड मंजूर.

त्या अजून उभ्याच होत्या.
अठ्ठावीस, म्हणाल्या.
आमची चाकं अठ्ठावीसची असतात.
माइकचा दिवा विझला होता,
अध्यक्षा चाळिसाव्या खंडावर पोचल्या होत्या,
बाटलीबंद पाणी.
अठ्ठावीस, पुन्हा म्हणाल्या, जरा हळू,
शेवटच्या बाकावरचं पोर झोपलंय
आणि त्याला उठवावं की नाही कळेना, अशा आवाजात.

मी तीन हातांवर बसतो. मला ऐकू आलं.
पण माइकमधून येत नाही ते बोललेलं नसतं,
असा नियम आहे, आणि तो मी एकोणीस वर्षं पाळलाय.
रात्री प्रत तपासली. स्वच्छ होती.
तेवढ्यासाठी हा दुसरा कागद घेतला.

सभागृहातून निघताना फाटकावर
ट्यूब सार्जंटच्या खुंटीला लटकत होती,
पावती नसल्याने परत करता येत नव्हती.
बाहेर काबाझावाले उभे होते.
वायसन नावाच्या पोराच्या मागे बसलो.
चढावर मागचं चाक बसलं;
त्याने मला उतरवलं, टायर उपसलं,
ट्यूब ओठांजवळ नेऊन
कुठून हवा सुटतेय ते गालाने शोधू लागला.

किती इंची रे, मी विचारलं.
त्याने गाल हलवला नाही.
म्हणाला, म्हणजे?
दुसरी पण असतात?