सैल बीम

एप्रिलचा पहिला आठवडा, पारा त्रेचाळीसवर.
इरण्णा हत्तुरे टेबलावर फॉर्म ठेवून जातो.
जुनी करप्रणाली की नवी, एकावर खूण करा.
"शुक्रवारपर्यंत द्या मॅडम, नाहीतर नवीच धरणार."
मी स्क्रीनवरून मान वर करत नाही.
टॉवेलवरच्या मोराला पिसाऱ्यात बत्तीस धागे कमी पडतायत.

मागच्या वर्षी जुनी निवडली होती.
जुनी सगळं विचारते:
जोडीदार, अपत्ये, शाळेची फी, घराचं कर्ज,
तुमच्यावर कोण अवलंबून आहे.
मी विम्याचा हप्ता लिहिला, आणि घरभाडं.
बाकीच्या रकान्यांत आडव्या रेघा मारल्या,
पट्टीनं,
कारण हातानं मारलेली पहिली रेघ वाकडी आली
आणि वाकडी रेघ वाचणाऱ्याला काहीबाही सांगत बसते.

जानेवारीत पुरावे मागितले.
जुळे सोलापुरातले आमचे घरमालक, चिदानंद बिराजदार,
भाड्याची पावती म्हटल्यावर पाणी आणायला उठले.
पॅन नंबर म्हटल्यावर
तांब्या मांडीवर घेऊन तसेच बसले.
"एकटं माणूस तुम्ही. तुम्हाला कशाला ओ एवढी भानगड?"

म्हणून मार्चचा पगार आला तेव्हा
वाटलं, बँकेकडून एक आकडा सांडलाय वाटेत.
वर्षभर कापायचं राहिलेलं सगळं एकदम कापलेलं.
सहा हजार चारशे दहा.
महिना कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर काढला.
त्याला उपास म्हणता येत नाही,
सोलापुरात त्याला जेवण म्हणतात.
पण सत्तावीस तारखेला गॅस संपला,
आणि ओट्यापाशी उभी राहून कळलं
की या घरात दुसऱ्या कुणाचा एक तारखेचा पगार नाही.

जेवणाच्या सुट्टीत पद्मजा गाजूल म्हणते,
"बहिणीच्या पोराला तूच शिकवतीस ना? टाक की त्याची फी."
इरण्णा डबा उघडता उघडता मान हलवतो.
"भाचा चालत नाही."
भाचा चालत नाही.
सहा महिन्यांनी साडेअकरा हजार, चष्मा, बूट,
तो दरवेळी हरवतो ती कंपासपेटी.
माझ्या खात्यातून जातं, फॉर्मवर येत नाही.
सरकारचं चुकतंय असं नाही म्हणणार मी.
त्यांनाही कुठंतरी रेघ मारावीच लागते,
तीही पट्टीनंच मारत असतील.

नवी काहीच विचारत नाही.
ना भाडं, ना विमा, ना घरी कोण असतं.
सुटसुटीत आहे, इरण्णा म्हणतो. आहेच.
तरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा
सात रस्त्यावर ओळखीचं कुणी
न बघता पलीकडं गेल्यासारखं वाटलं.

रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले.
जुनीत, पावती मिळालीच तर, वर्षाला सतराशे वाचतात.
सतराशे रुपयांसाठी तो तांब्या पुन्हा बघायचा.

नायना टॉवेलच्या मागावर होते.
टॉवेलला बीम दोन.
एक ताणलेला, तो कापड धरून ठेवतो.
दुसरा सैल सोडायचा, त्याच्या धाग्यांचे फासे होतात,
आणि पाणी तेच पितात.
सैल बीमवर वजन जास्त झालं तर टॉवेलचं नुसतं फडकं होतं.
कमी पडलं तर फासे लोंबतात,
बायकांच्या बांगड्यांत अडकतात.
"मग किती लावायचं?" मी विचारायची.
ते धाग्यांवर पालथा हात ठेवायचे, थोडा वेळ,
आणि सांगायचे नाहीत.

शुक्रवारी नवीवर खूण केली.
खाली लिहिलं: कर दरमहा सारखा कापावा,
मार्चसाठी काही शिल्लक ठेवू नये.
सही, भाग्यलक्ष्मी बोद्धूल.
"याला रकाना नाही मॅडम."
"समासात राहू दे की बे."
त्यानं दोनदा वाचलं.
"दर महिन्याला हातात कमी येणार, बघा."
बघितलंय.
भाडं, फी, गॅस,
आणि वर बोटभर सैल.

इरण्णा गेला.
मोर अजून तसाच आहे, एका बाजूनं उघडा.
बत्तीस धागे कुठून घ्यायचे ते
जेवल्यावर बघू.