पगारी तास

महिनाअखेरीस मी एक तक्ता भरते.
तारीख, वर्ग, विषय, किती ते किती.
शेवटच्या रकान्यात कुलासो सरांची सही,
तीही त्यांच्या चहाच्या आधी गाठलं तर.
नऊ वर्षं. लेक्चर बेसिस.
घंटा वाजली की मी अकाउंट्सची मॅडम,
पुन्हा वाजली की
कुडचड्याला जाणारी कुणी एक बाई.

मधला वेळ कुठंच लिहायचा नसतो.
जिन्याखालचं बाक, एक पाय मोडका, खाली वीट,
तिथं मी किती ताळेबंद जुळवून दिले
याचा ताळेबंद नाही.
रोझिटा फुर्तादचे तेराशे रुपये सापडले ते तिथंच,
कॅन्टीनच्या कढईत भजी तडतडत असताना.
भलत्याच बाजूला बसले होते, मुकाट.
ती हसली. मीही.

स्टाफरूममध्ये खुर्च्या आहेत.
त्यांच्यावर नावं नाहीत,
पण कुठली कुणाची ते सगळ्यांना ठाऊक असतं.

यंदा चवथीनंतर परिपत्रक आलं:
तासिका तत्त्वावरील शिक्षकांना आठवड्यातून एक तास,
विद्यार्थी-भेटीसाठी, मानधनासह.
मी ते दोनदा वाचलं.
मग नुसतं 'मानधनासह' एकदा.
कुडतरकर क्लार्क म्हणाला, "बाय, आता बसायचे पण पैसे!"
त्याच्या मनात वाईट नव्हतं.
म्हटलं, "बसत होतेच रे."

बुधवार, दोन ते तीन. खोली अकरा.
जुन्या नकाशांची खोली. पोर्तुगाल अजून
भिंतीकडे तोंड करून उभा, शिक्षा झाल्यासारखा.
पंखा होता. टेबल होतं. टेबलाला खण होता!
मी खणात पेन ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.
कुणी आलं नाही.
दुसऱ्या बुधवारी एक मुलगी डोकावली,
झेरॉक्सवाला जेवायला गेलाय का, एवढंच तिचं काम.
मिनिटाला किती पडतात, हिशेब केला, सवयीनं.
रिकाम्या खोलीत बसायचे पैसे घ्यायची
लाज वाटली.
मग त्या लाजेचाच राग आला.
नऊ वर्षं ती दुसऱ्या कुणाला वाटली नव्हती.

तिसऱ्या बुधवारी, तीन वाजून दहा मिनिटं,
मी निघालेली, तर जिन्याखाली
दीपेश वेळीप. रिवणचा. वर्गात कधी न बोलणारा.
"मॅडम, मात्शें विचारपाचें आशिल्लें."
"अरे, खोलीवर का नाही आलास?"
"थंय दार धांपिल्लें."
पंख्याच्या वाऱ्यानं लागलं असेल.

विटेच्या बाजूला मी बसले.
त्यानं वही उघडली नाही.
"न चालणाऱ्या गाडीचा घसारा धरतात, मॅडम?
पप्पांचा ट्रक. खाण बंद झाली तेव्हापासून अंगणात.
चाकांवरून वेल गेलाय, आई त्याची घोसाळी काढते.
बँकवाला किंमत पाडून सांगतो.
पप्पा म्हणतात, वापरलाच नाही, तर झिजला कसा?"

पुस्तकात उत्तर आहे, एका ओळीचं.
उभ्या वस्तूचीही किंमत उतरते.
ते मी लगेच सांगितलं नाही.
विचारलं, किती वर्षं झाली?
विचारलं, घोसाळी कडू नाहीत ना निघत?
"ना, ना. शेजाऱ्यांनाही देतो."
मग वहीच्या मागच्या पानावर
आम्ही ट्रक मांडला: घेतला तेव्हाचा,
आत्ताचा, आणि भंगारात घातला तर.
भंगाराचा आकडा त्यानं स्वतः लिहिला,
बारीक अक्षरात.
माझी चारची बस गेली.

महिनाअखेरीस तो तास
मी दोन ते तीनमध्येच लिहिला. खोली अकरा.
विषय: घसारा, शंकानिरसन.
कुलासो सरांचं पेन थांबलं.
"आलं होतं कुणी?"
"आलं होतं."

पुढच्या बुधवारी बाकाखालची वीट
मी उचलून अकरा नंबरात नेली, दाराला लावायला.
आता दार मिटत नाही.
बाक मात्र डुगडुगतं.