खडखड

औषधांच्या कपाटाचं दार नीट बसत नाही.
मानखुर्दपासून सायनपर्यंत वाजत राहतं.
गॅरेजला तीनदा लिहून दिलं.
भोपी म्हणतो, डॉक्टर, गाडी चालतेय ना?
मग त्यांच्या लेखी तिची तब्येत बरी.

आयुर्वेद शिकले ते नाडीचे प्रकार ओळखायला.
इथे नाडी लागली तरी
मी मनातल्या मनात गुरुजींना नमस्कार करते.

दारात उतरले की माणसं माझ्या मागे बघतात :
डॉक्टर नाही आले?
पहिल्या वर्षी सांगायचे, मीच.
आता विचारते, कितवा मजला?

सातवा.
पुनर्वसनाची इमारत, लिफ्ट चालू,
पण स्ट्रेचर आडवं मावत नाही
आणि कस्तुरा वानखडेंना उभं राहवत नाही.
मग प्लॅस्टिकची खुर्ची, दोन ओढण्या,
आणि शेजारचा एक पोरगा, मंडळाचा असावा,
मूर्ती जिन्यावरून उतरवल्यासारखा
वळणावर हळूच म्हणाला, आता माझ्याकडे द्या.

चौथ्या मजल्यावर बाईंनी हात वर केला.
मास्कमधून काहीतरी पुटपुटल्या.
मला वाटलं, छातीत कळ.
कान नेला जवळ.
गॅस बंद केला का?

भोपी तीन जिने उलटा पळत गेला.
परत आला तेव्हा धापा टाकत होता त्यांच्याएवढ्याच.
भेंडी होती, म्हणाला. आता नाही.
बाई हसल्या. ऑक्सिजन ब्याऐंशी,
आणि हसल्या.

कॅज्युअल्टीत पलंग नव्हता,
म्हणून आमचं स्ट्रेचर त्यांच्याखाली अडकलं,
स्ट्रेचरपायी गाडी अडकली,
आणि गाडीपायी आम्ही, चाळीस मिनिटं.
तेवढ्यात गोवंडीचा एक फोन येऊन
दुसऱ्या गाडीकडे गेला.
ती कुठून निघाली, कधी पोहोचली,
हे आम्हाला कोणी सांगत नाही.
आम्हीही विचारत नाही.
चहा घेतो.

अंधेरीच्या एका विमा कंपनीचं पत्र आलंय.
शनिवार-रविवार सुट्टी, पगार दीडपट.
काम एवढंच : लोकांचे दावे वाचायचे
आणि बघायचं, ही तातडी खरंच तातडी होती का.
मुलाखतीत एकाने विचारलं होतं,
चार वर्षं नेमकं काय केलंत?
उत्तर जिभेवर येईना.
म्हटलं, जिने उतरले.
त्याने ते लिहून घेतलं.

आप्पा दर रविवारी फोनवर विचारतात,
ते तात्पुरतं आहे ना गं?
मृण्मयीने ठाण्यात पंचकर्म काढलंय,
तिच्याकडे झोपलेल्या माणसांना तेलाचा वास येतो.
माझ्या हातांना सॅनिटायझरचा येतो,
जेवतानाही. शिळं जेवण असलं तर बरंच, कळत नाही.

भोपी आधी पाण्याचा टँकर चालवायचा.
पैसे जास्त होते, म्हणतो.
मग इकडे कशाला आलास?
बराच वेळ बोलला नाही.
अणुशक्तीनगरचा सिग्नल सुटला, तरी नाही.
मग म्हणाला,
टँकर दिसला की लोक भांडी घेऊन धावतात, डॉक्टर.
या गाडीला बाजूला होतात.
कधी कधी, असंही म्हणाला,
कारण पुढचा पांढरा टेम्पो हलत नव्हता.

आज गाडी धुतल्यावर दार वाजलं नाही.
छेडानगरच्या खड्ड्यातही नाही.
बघितलं तर फटीत जाड कागद,
चार घड्या घालून घट्ट ठोकलेला.
डॅशबोर्डवर पडलं होतं काहीतरी, भोपी म्हणाला,
कागद चांगला होता. लागणार होतं का?

शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.
आज बुधवार.
म्हटलं, राहू दे सध्या.
तेवढ्यात फोन वाजला : ट्रॉम्बे, पाचवा मजला,
लिफ्टबद्दल माहिती नाही.