नऊ वाजताच्या खिडक्या

रुस्तावीत, आमच्या समोरच्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावर मझेविनारबाई राहतात.
एकतीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी,
पण लाल पेन कधी हातात धरलं नाही.
म्हणायच्या, लाल दिसलं की पोरं चूक बघतात, गणित बघत नाहीत.

मी अकराचा होतो. त्यांना पाव नेऊन द्यायचो,
आणि त्या मला पट्टीचं टोक धरायला लावायच्या.

एकदा पेपरात आलेख आला, शहराच्या सरासरी पगाराचा.
रेघ अशी चढलेली की बघून दम लागावा.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला:
"हा उभा अक्ष पाचशे चाळीसपासून का सुरू होतो रे?
खालचा जिना कुठे गेला?"
मग कात्री, खळ, जुन्या वह्यांची कोरी पानं.
पाच लारीला एक सेंटीमीटर.
पेपराखाली पान, पानाखाली पान,
टेबलाच्या कडेवरून खाली, फरशीवरून पुढे,
फ्रिजच्या पायाशी एकदाचं शून्य आलं.
एकशे आठ सेंटीमीटर कागद,
आणि त्याच्या टोकाला पाच सेंटीमीटरचा तो पर्वत.
आम्ही दोघं फरशीवर बसून हसलो.
नंतर बाई गप्प झाल्या. पाव कापू लागल्या.

त्यांचा स्वतःचा आलेख मात्र भिंतीवर होता,
कपाटाआड, माझ्या जन्माच्या आधीपासूनचा.
रोज रात्री नऊ वाजता आमच्या इमारतीच्या
उजळलेल्या खिडक्या. एकूण चौसष्ट.
खालून वर, डावीकडून उजवीकडे मोजायच्या,
ओठ न हलवता.
कधी एकसष्ट, कधी अठ्ठावन्न.
मधेच आठवडेच्या आठवडे कोरे.
"तेव्हा वीजच नव्हती," त्या म्हणाल्या,
"शून्य लिहिलं असतं तर खोटं झालं असतं.
माणसं होती. मला दिसत नव्हती, एवढंच."

मी विचारलं, याखाली कागद नाही चिकटवायचा?
"इथलं शून्य आपल्या पायांनी येतंय," म्हणाल्या,
"त्याला बोलवायला कशाला जायचं?"

आता मी व्रोत्सवाफला एका गोदामात खोकी भरतो.
डोक्यावर पडदा आहे,
त्यावर आमच्या पाळीची रेघ दर मिनिटाला हलते,
हिरवी असली की मुकादम चहा घेऊ देतो.
तिचं शून्य कुठे आहे, मी अजून शोधतोय.

बाईंना महिन्यातून एकदा फोन करतो.
मागे मी विचारलं, चौदा ऑक्टोबरला किती होत्या?
कागद सरकल्याचा आवाज आला.
"तेरा तारखेला तेवीस. चौदाला बावीस."
तो एक मी.
चौथा मजला, डावीकडून दुसरी.
आईला नेलं त्यानंतर तिथे मीच एकटा होतो.
मला वाटलं होतं, निघताना कुणी पाहिलं नाही.

म्हणून नव्या वर्षाच्या रात्री मी लबाडी केली.
किल्ली खालच्या नुगझारकडे होती. त्याला सांगितलं,
नऊला दहा मिनिटं असताना वर जा,
स्वयंपाकघरातला दिवा लाव, आणि थोडा वेळ थांब.
त्यानं केलं. वर टेबलावर बसून सिगरेटही ओढली म्हणे.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन लावला, हळूच विषय काढला.
"हो, दिसली तुझी खिडकी," त्या म्हणाल्या,
"पण पडदे नव्हते, आणि दिव्याखाली नुगझारचं टक्कल."
मग टिंब काढलं की नाही?
"काढलं. पोकळ काढलं, भरीव नाही.
आणि समासात लिहिलंय: दिवा आहे, माणूस पाहुणा.
बेरजेत धरलेलं नाही."

थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही.
मग त्यांनी विचारलं, तिकडे पाव कसा मिळतो.