तिसरा ढीग

भाचीनं नागपूरहून डबी धाडली,
बिस्किटाच्या पुड्याएवढी, काळी, एका वायरची.
म्हणाली, मामाजी, सीडी यात घाला,
पाच मिनिटांत लॅपटॉपात उतरते.
आणि त्याच दमात,
पण उतरवता काहून? सगळं तर फोनात आहे.

तीनशे बारा.
मोजल्या काल, लाइट गेली तेव्हा, दारात बसून.
सुगंध साऊंड सर्व्हिस, मुक्काम खैरी,
जांभळा शिक्का प्रत्येकीवर,
काहींवर उलटा,
कारण तेव्हा झाडावर पोंगे बांधायची घाई असायची.

फोन देतो, हे खरं.
नाव घ्यायच्या आत गाणं हजर.
फक्त पाण्याच्या टाकीखाली उभं राहावं लागतं,
वडशाकडं तोंड करून,
आणि रिचार्ज संपला की सगळी गाणी परक्या घरची.
सीडीनं भाडं कधी मागितलं नाही.
तिला कोरडं फडकं लागायचं, तेही
आतून बाहेर सरळ पुसायचं, गोल नाही.
हे आता कोणाला शिकवू?

म्हणून ढीग केले.
फोनात आहेत त्यांचा, तो गुडघ्याच्या वर गेला.
फोनात नाहीत त्यांचा, त्यात नऊ.
मंडईची दंडार, रात्रभर टेपवर धरलेली,
मग साकोलीत सीडी करून आणलेली.
ढोलकीच्या मागं फुटाणेवाला ओरडतो,
एक लेकरू आईला हाक मारत राहतं,
कोणाचं, अजून कळलं नाही.
या नवांचा विचार करावाच लागला नाही.
पहाटे, व्होल्टेज भरात असताना, उतरवून मोकळा झालो.

अडलं ते एका सीडीपाशी.
काटेखायेंच्या वरातीत वाजली, मग सगळ्याच वरातींत.
गाणं फोनात आहे, लख्ख आहे.
पण आमच्या गावाला ते तसं माहीतच नाही.
आमच्याकडं ते दुसऱ्या कडव्यात अडखळायचं,
अर्धी ओळ गिळायचं
आणि धाडकन ढोलावर पडायचं.
सोळा वर्षं त्या उडीवर नाचले लोक.
अंगणवाडीच्या बेबीनंदाबाई तिथं नेमकी गिरकी घ्यायच्या.

परवा पोरांनी फोनवरून लावलं.
गाणं सरळ निघून गेलं
आणि बाई एकट्याच फिरून उभ्या,
साऱ्या मांडवाच्या अर्धी ओळ पुढं.
हसल्या. पदर खोचला.
"तुयी मशीन बिघडली का गा, शालिक?"

तर ही सीडी घातली डबीत.
जशी आहे तशी घे, म्हटलं, ओरखड्यासकट.
डबी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली.
कानाला लावून ऐकलं,
दुसरं कडवं लोण्यासारखं गेलं.
पुन्हा घातली. पुन्हा लोणी.
मग ध्यानात आलं,
ओरखडा सीडीचा होता,
पण ठेच लागायची माझ्या प्लेअरला.

फळीवरून तो खाली काढला.
आत पालीची दोन अंडी, एक वाळलेलं पान.
पिन लावली तर हिरवा दिवा लागला,
ट्रे अर्धा बाहेर आला आणि तिथंच राहिला,
डॉक्टरसमोर जीभ काढल्यासारखा.
रबराचा पट्टा गेलाय.
वडशाचा रेडिओवाला म्हणतो, मिळेल, नाही मिळेल.
प्लेअरमधून लॅपटॉपात जायची वायर
मी तोवर गुंडाळून खिळ्याला टांगली आहे.

सुरेदास आला होता.
वांग्याच्या वाडीत पोपट फार झालेत,
सीड्या टांगल्या की चमकतात, पाखरं बिचकतात,
तुझ्या काही कामाच्या नाहीत ना आता?
गुडघ्यावरच्या ढिगाकडं बोट केलं त्यानं.
ने, म्हटलं.
त्यानं पोतं झटकलं, तोंड उघडं धरलं.
पहिली मूठ उचलली मी,
वरचा शिक्का उलटा होता.
उद्या ये, म्हटलं.