मेणासकट वजन

पत्र मी तीनदा टाइप केलं.
पहिल्या खेपेला 'नुकसानभरपाई' होतं;
वकीलबाई म्हणाल्या, नुकसान झालं असं आपण कुठे म्हणतोय?
दुसऱ्या खेपेला 'मोबदला'.
त्यावरही लाल रेघ. मोबदला म्हटला की विक्री आली,
आणि माणसाचं शरीर कुणाच्याच मालकीचं नसतं.
(पेशींचं पेटंट असतं. ते वेगळ्या फाइलीत.)
शेवटी उरली 'सदिच्छा रक्कम',
चार हजार पौंड, तिघांत मिळून,
सही इथे, इथे, आणि मागच्या पानावर.

मग ती तिघं आली.
डंडीत नोव्हेंबरला साडेतीनलाच दिवे लागतात,
टे नदीवरचा वारा असा की दार दोन्ही हातांनी लोटावं.
थोरला फर्गस, आर्ब्रोथच्या धक्क्यावर मासे विकून म्हातारा झालेला.
मधली इशबेल.
धाकटा रॅनल्ड, त्याच्या खिशात गोळ्यांची डबी.
त्या गोळ्या कुणाच्या पेशींवर तपासल्या गेल्या
हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं,
वकीलबाईंना आणि मला.

तळघरातून ठोकळा आणून मी टेबलावर ठेवला.
चौपन्न वर्षांचं पिवळट मेण,
आत अंगठ्याच्या नखाएवढी युफेमिया गेडीस.

फर्गसनं विचारलं, 'वजन?'
एक ग्रॅम नि वर थोडं.
'मेणासकट?'
मेणासकट.
'मेण वजा करा,' तो म्हणाला,
'बर्फासकट मासा तोलणाऱ्याला आम्ही चोर म्हणायचो.'
कुणी हसलं नाही.
घराच्या छपरासाठी त्याला पैसे हवे होते, तसं त्यानं सांगितलंही.
लाजायचं काय त्यात?
आमच्या इमारतीचं छप्पर तरी कशातून आलं?

नियमाप्रमाणे मी नोंद वाचून दाखवली:
'रुग्णास तोंडी विचारले. रुग्णाने मान हलवली.'
खाली सर्जनची झोकदार सही.

'कशी हलवली?' इशबेल पहिल्यांदाच बोलली.
तसं लिहिलेलं नाही.
'आई तागाच्या गिरणीत मागावर होती.
चौदाव्या वर्षी लागली, तिशीत कान गेले.
त्या खडखडाटात सगळ्याच बाया ओठ वाचायच्या.
आम्ही घरीसुद्धा तिच्यासमोर जाऊन,
तोंड उजेडात धरून बोलायचो.
पाठीमागून कुणी शिवी घातली तरी ती मान हलवायची,
वाईट वाटू नये म्हणून.
त्या माणसानं विचारलं असेल, मानते मी.
पण विचारताना
त्याच्या तोंडावर मास्क होता का?'

फाइलीत मास्कचा रकाना नाही.

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
फर्गसनं एका जागी सही केली,
मग पेन खाली ठेवलं आणि दुसरी जागा
बराच वेळ नुसती बघत राहिला.
इशबेलनं ठोकळा खिडकीशी नेला,
चेहरा जवळ आणून ओठ हलवले, आवाज न करता,
सावकाश, दोनदा.
मला ओठ वाचता येत नाहीत.

रॅनल्डची गोळीची वेळ झाली.
मी पाणी आणलं,
पेला देताना त्याच्या अगदी समोर उभी राहिले,
तोंड उजेडात,
आणि काहीच बोलले नाही.